हियल: यंत्र आणि पळवाट

नवव्या शतकातल्या बगदादमध्ये एकाच नावाची दोन पुस्तकं लिहिली गेली. नाव होतं ‘किताब अल-हियल’. पहिलं पुस्तक ‘बनू मूसा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुहम्मद, अहमद आणि हसन या तीन भावांचं. त्यात सुमारे १०० यंत्रांची वर्णनं आहेत. आकार बदलत उडणारी कारंजी, ठरावीक पाणी ओतून आपोआप थांबणारी भांडी, स्वतःची वात स्वतः पुढे सरकवणारा दिवा. दुसरं पुस्तक अबू बक्र अल-खस्साफ या हनफी कायदेपंडिताचं. त्यात एकही यंत्र नाही. शरियतचा शब्द न मोडता व्यवहारातली अडचण कशी सोडवावी, याच्या युक्त्या त्यात आहेत.

‘हियल’ हे ‘हीला’ या अरबी शब्दाचं अनेकवचन. हीला म्हणजे युक्ती. पाण्याच्या दाबाकडून काम करून घेणारी युक्तीही हीला आणि कायद्याच्या शब्दाकडून काम करून घेणारी युक्तीही हीलाच. १२०६ साली अल-जझरीने आपला प्रसिद्ध यंत्रग्रंथ लिहिला, तेव्हाही यंत्रांसाठी त्याने हाच शब्द वापरला. उर्दूत मात्र आज ‘हीला-बहाना’ एवढाच अर्थ उरला आहे. त्यातलं यंत्र गळून गेलं आणि पळवाट शिल्लक राहिली.

गेल्या काही महिन्यांत मी विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धांच्या नियमपुस्तिका आणि त्यांवरचे वाद वाचत होतो. तेव्हा हा जुना शब्द पुन्हा समोर आला. या स्पर्धांत पोरं एक यंत्र बनवतात आणि ते नियमांच्या चौकटीत बसवतात. म्हणजे दोन्ही अर्थांचे हियल एकाच टेबलावर येतात. कोणता सुटा भाग चालेल, कोणता चालणार नाही, नियम मोघम असेल तर कोणी ठरवायचं, आणि ठरवणाऱ्याचं चुकलं तर काय, या प्रश्नांचा इतिहास आता अर्धशतकाचा झाला आहे. तंत्रज्ञानाच्या बातम्यांत तो येत नाही, कारण तो खरं तर कायद्याचा इतिहास आहे.

पिशवीतलं सामान

सुरुवात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये झाली. १९७०च्या दशकात तिथे २.७० या क्रमांकाचा यंत्ररचनेचा एक अभ्यासक्रम गाजला. प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी त्याला स्पर्धेचं रूप दिलं. प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच सामानाची एक पिशवी मिळायची. त्यात बहुतेक भंगारच असायचं. त्यातूनच यंत्र बनवायचं आणि वर्गमित्राच्या यंत्राशी भिडवायचं. सुट्या भागांच्या वैधतेचा प्रश्न इथे जवळपास नव्हताच. पिशवीत आहे ते वैध, नाही ते अवैध.

या नियमामागचा विचार समतेचा होता. श्रीमंताच्या पोराला चांगली मोटार विकत आणता येऊ नये आणि डोकं सोडून दुसरं भांडवल कोणाला वापरता येऊ नये. जपानमध्ये प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी याच वाटेने जाऊन ‘रोबोकॉन’ रुजवलं. १९८८पासून एनएचके ही प्रसारण संस्था तांत्रिक महाविद्यालयांसाठी ती स्पर्धा घेऊ लागली. अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ साली ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. फ्लॉवर्सही त्यात सामील झाले. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावात, एका शाळेच्या व्यायामशाळेत, २८ संघांची पहिली स्पर्धा झाली.

फर्स्टच्या सुरुवातीच्या वर्षांत पिशवीच्या जागी पेटी आली. पेटीतलं सामान वापरायचं आणि कमी पडेल ते ‘स्मॉल पार्ट्स’ नावाच्या एकाच दुकानाच्या कॅटलॉगमधून, ठरलेल्या रकमेत मागवायचं. पेटीत ड्रिल मशीनच्या मोटारी असत, फिशर-प्राइसच्या खेळण्यातल्या गाडीच्या मोटारी असत, चारचाकीच्या काचा वर-खाली करणाऱ्या मोटारी असत. पुढे संघ वाढले, खेळ अवघड झाले आणि बाजार खुला करावा लागला. मग मोटारींची यादी आली, एका वस्तूच्या किमतीवर मर्यादा आली, एकूण खर्चावर मर्यादा आली. अनेक वर्षं हा एकूण आकडा ३५०० डॉलरचा होता. लगेच पुढचा प्रश्न आला. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत काय धरायची? बाजारभाव, असं उत्तर आलं. मग पुरस्कर्त्या कंपनीचा कारागीर संघासोबत बसून काम करतो, त्याच्या मजुरीचं काय? ती धरायची नाही, असं ठरलं. ज्या संघामागे मोठा कारखाना उभा आहे आणि ज्याच्यामागे फक्त शाळेचा विज्ञान शिक्षक आहे, त्यांचं अंतर या एका उत्तराने कागदावरून पुसलं गेलं. मैदानावर ते तसंच राहिलं.

मूळ परवानगी, की मूळ मनाई?

इस्लामी न्यायशास्त्रात एक पायाभूत प्रश्न विचारला जातो. ज्या गोष्टीबद्दल काहीच सांगितलेलं नाही, ती चालते की चालत नाही? व्यवहारात बहुसंख्य फकीहांचं उत्तर असं की, वस्तू मुळात ‘मुबाह’ आहेत. मनाई दाखवता आली नाही तर परवानगी धरायची. इबादतीत मात्र उलटं. तिथे जे सांगितलं तेवढंच करायचं. नमाजच्या रकाती कोणी आपल्या मनाने वाढवत नाही.

रोबोटिक्सच्या स्पर्धा नेमक्या या दोन तत्त्वांत विभागल्या आहेत. ‘व्हेक्स’ ही शालेय स्पर्धा घ्या. तिथे रोबोट व्हेक्सच्याच भागांचा हवा आणि बाहेरून काय चालेल त्याची यादी आहे. रबर बँडसुद्धा ठरावीक क्रमांकाचेच, ३२ आणि ६४ असे. प्लास्टिकच्या पत्र्याची जाडी ठरलेली. सुट्या भागांच्या बाबतीत ही इबादतीची शिस्त आहे.

आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनचं रोबोकॉन याच्या दुसऱ्या टोकाला आहे. ही स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. तिथे पेटी नाही, यादी नाही. रोबोट विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेला असावा, एकूण वजन, विजेचा दाब आणि हवेचा दाब मर्यादेत असावा, बाकी सगळं मुबाह. या स्पर्धेशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. भारताची राष्ट्रीय फेरी दूरदर्शन आणि एमआयटी यांच्या पुढाकाराने अनेक वर्षं पुण्यात बालेवाडीला होत असे. २००८ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धाच पुण्यात झाली. तिचा विषय होता ‘गोविंदा’, म्हणजे आपली दहीहंडी. टांगलेल्या हंड्यांमधून रोबोटांनी लोणी काढायचं होतं आणि ते सर्वांत चांगलं जमलं चीनच्या शिआन जियाओतोंग विद्यापीठाला. २०१४ साली पुन्हा पुण्यात आणि २०२२ साली दिल्लीत ही स्पर्धा झाली. दिल्लीचा विषय होता लगोरी.

भाग मुक्त ठेवले की वाद संपतात, असं वाटेल. ते संपत नाहीत, जागा बदलतात. २०१६च्या बँकॉक स्पर्धेत एका रोबोटला चालायला स्वतःची शक्ती वापरायची मनाई होती. त्याला दिशा देण्यासाठी एकच यंत्रणा ठेवता येत होती आणि ढकलायचं काम दुसऱ्या रोबोटने त्याला स्पर्श न करता करायचं होतं. कोणी पंख्याने वारा दिला, कोणी लोहचुंबक वापरला. आता ‘स्पर्श’ म्हणजे काय, ‘दिशा देणं’ कुठे संपतं आणि ‘चालवणं’ कुठे सुरू होतं, हे प्रश्न आले. यादी असेल तर वाद नामांवर होतो, यादी नसेल तर क्रियापदांवर.

शब्द पाळला, हेतूचं काय?

२००२ साली फर्स्टच्या खेळात चाकांवरचे मोठे गोल होते. ते पकडून मैदानाच्या आपल्या भागात नेऊन ठेवायचे. इंडियाना राज्यातल्या हॅमंडच्या ७१ क्रमांकाच्या संघाने चाकांऐवजी पावलांवर सरकणारा रोबोट आणला. पावलांच्या तळव्याला त्यांनी कानशीत अडकलेला कीस काढायचा तारेचा ब्रश लावला होता. त्या तारा मैदानाच्या गालिचात रुतायच्या. एकदा गोल पकडले की त्या रोबोटला हलवणं जवळपास अशक्य. त्या वर्षीच्या विजेत्या आघाडीत हा संघ होता. ही युक्ती, की गालिचाशी लबाडी? आजच्या नियमांत गालिचाला इजा करू शकणारा धातू, सँडपेपर, खिळ्यांचे तळवे हे सगळं स्पष्ट नाव घेऊन बंद आहे. पण त्या दिवशी तपासनिसांसमोर जे नियम होते, त्यांत तो रोबोट बसला आणि खेळला.

२०१०ची गोष्ट वेगळी आहे. त्या वर्षीचा खेळ फुटबॉलसारखा होता. गोल झालेले चेंडू एका वाटेने परत मैदानाच्या मध्यावर पडत. ४६९ क्रमांकाच्या संघाने आपला रोबोट अशा जागी उभा केला की परत येणारा चेंडू त्याच्यावर आपटून पुन्हा त्यांच्याच गोलकडे वळावा. म्हणजे एक गोल झाला की तोच चेंडू दुसऱ्या गोलची तयारी करणार. अनेकांना हे खेळाच्या हेतूविरुद्ध वाटलं. नियमात मात्र त्याला मनाई नव्हती. संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि तिथे मैदानावर हरला. नियम बदलून त्याला कोणी हरवलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

२०१५ साली प्रश्न भागांकडे परत आला. आघाडीत बलाढ्य संघासोबत दुबळे संघही असतात. बलाढ्य संघ आपण बनवून आणलेली यंत्रणा जोडीदाराच्या रोबोटवर चढवू लागले, काही वेळा त्याची स्वतःची यंत्रणा उतरवून. याला गंमतीने ‘चीजकेक’ म्हणू लागले. प्रत्येक भाग वैध होता, वजन मर्यादेत होतं, जोडीदाराची संमतीही होती. पण ज्या पोरांनी सहा आठवडे राबून काहीतरी बनवलं, त्यांच्या रोबोटमधून त्यांचंच काम काढून टाकलं जात होतं. पुढे नियम आला की रोबोट आणि त्याच्या मुख्य यंत्रणा त्याच संघाने बनवलेल्या असाव्यात.

हीच चर्चा बगदादमध्ये झाली होती. वर्ष पुरं व्हायच्या आदल्या दिवशी माणूस संपत्ती बायकोच्या नावावर करतो आणि जकात चुकवतो. कागद शुद्ध आहे. जकात द्यावी लागेल का? हनफी पंडित व्यवहाराचं बाह्य रूप पाहत आणि तो वैध धरत. अल-खस्साफच्या काळातच इमाम बुखारी यांनी आपल्या हदीससंग्रहात हियलवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि त्याची सुरुवात केली ती कृती हेतूवर अवलंबून असते, या हदीसने. पुढे इब्न तैमिया आणि इब्न अल-कय्यिम यांनी हेतूची बाजू आणखी कडक केली. हनफींचं म्हणणंही पोरकट नव्हतं. माणसाचा हेतू अल्लाहला कळतो, काझीला कळत नाही. काझीने हेतू वाचायला सुरुवात केली तर उद्या कोणाचाही व्यवहार सुरक्षित राहणार नाही.

फर्स्टच्या नियमपुस्तिकेने अखेर या प्रश्नात हनफींची बाजू घेतली, असं म्हणता येईल. मजकुराचा अर्थ मजकुरात लिहिलाय तेवढाच, मागच्या वर्षीचे नियम किंवा लेखकांच्या मनातले हेतू त्यात शोधू नका, असं ती पुस्तिका सांगते. त्याच वेळी वुडी फ्लॉवर्स यांचा ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ हा मंत्र, म्हणजे जिंकतानाही सभ्यता सोडू नका, हा आग्रह सोबत चालतो. कायदा शब्दावर, अखलाक हेतूवर. मला ही विभागणी शहाणपणाची वाटते.

मुफ्ती, काझी, मुहतसिब

नियम मोघम असला की विचारायचं कोणाला? मुस्लिम समाजात ही कामं तीन जणांत वाटलेली होती. मुफ्ती प्रश्नाचं उत्तर देतो, पण त्याचं मत कोणावर लादलं जात नाही. काझी समोरच्या वादाचा निकाल देतो, तो बंधनकारक असतो. मुहतसिब बाजारात फिरून वजनमापं तपासतो आणि खोटी जागच्या जागी जप्त करतो.

रोबोटिक्स स्पर्धांत हे तिघेही आहेत. प्रश्नोत्तरांची अधिकृत व्यवस्था म्हणजे मुफ्ती. मुख्य पंच म्हणजे काझी. खेळाआधी रोबोट तराजूवर ठेवणारा, मोजमापाच्या चौकटीत बसवून पाहणारा तपासनीस म्हणजे मुहतसिब. फर्स्टच्या पंचांसमोर बोलायचा अधिकार आघाडीतल्या एका विद्यार्थ्याला असतो. शिक्षक किंवा अभियंते मागे उभे राहतात. पंच कोणाचंही चित्रीकरण पाहून निकाल बदलत नाहीत. सतरा वर्षांच्या पोराला स्वतःची बाजू स्वतः मांडायला लावणारी ही पद्धत मला फार आवडली.

मुफ्तीच्या मर्यादाही जुन्याच आहेत. कूफाच्या फकीहांना ‘समजा असं झालं तर’ या धर्तीचे काल्पनिक प्रश्न विचारायची सवय होती आणि इमाम मालिक यांना असे प्रश्न आवडत नसत, असं परंपरा सांगते. फर्स्टची व्यवस्थाही मोघम काल्पनिक प्रश्नांवर निकाल देत नाही आणि ‘आमची ही रचना वैध आहे का’ याचंही उत्तर देत नाही. तत्त्व म्हणून हे ठीक आहे. पण संघाला नेमकं तेवढंच जाणून घ्यायचं असतं. जेव्हा रोबोट बांधायला सहाच आठवडे मिळत आणि मग तो पिशवीत सीलबंद करावा लागे, तेव्हा चौथ्या आठवड्यात आलेलं उत्तर काही संघांसाठी उशिराचं ठरणार हे उघड होतं. सीलबंद करायची ही पद्धत २०२०च्या हंगामापासून बंद झाली.

त्याहून अवघड प्रश्न आहे दोन तपासनिसांचा. एका गावच्या स्पर्धेत पास झालेला रोबोट दुसऱ्या गावी अडू शकतो. आधीची मंजुरी पुढे बंधनकारक नसते. १८६९पासून तयार होत गेलेल्या उस्मानी ‘मजल्ला’ संहितेत १६वं कलम सांगतं की एका इज्तिहादने दुसरा इज्तिहाद रद्द होत नाही. खलिफा उमर यांनी वारशाच्या एकाच प्रश्नावर दोन वर्षी दोन वेगळे निकाल दिले आणि तो निकाल तेव्हाचा, हा आत्ताचा, असं सांगून दोन्ही कायम ठेवले, अशी परंपरा आहे. जुन्या निकालावर विसंबून ज्याने काही केलं, त्याला संरक्षण मिळालं पाहिजे, हा त्यातला न्याय आहे.

बारा व्होल्टची गोष्ट

हे सगळं पुस्तकी वाटू नये म्हणून जवळचं एक उदाहरण देतो. माझी भाची तालुक्याच्या गावातल्या पॉलिटेक्निकमध्ये शिकते. तिचा संघ एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला गेला होता. नियमात एकच ओळ होती: बॅटरी १२ व्होल्टपेक्षा जास्त नसावी. त्यांनी तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी लावली होती. तिच्यावर ११.१ व्होल्ट छापलेलं असतं. पूर्ण चार्ज केली की मीटर १२.६ दाखवतो. पहिल्या टेबलावरच्या तपासनिसाने छापील आकडा पाहून सही केली. दुसऱ्या फेरीआधी दुसऱ्याने मीटर लावला आणि संघ बाद केला.

त्या नियमाचा अक्षरशः अर्थ लावला, तर मोटारसायकलची साधी १२ व्होल्टची शिशाची बॅटरीही बाद होईल, कारण पूर्ण भरल्यावर तीसुद्धा साधारण १२.७ दाखवते. ‘बारा व्होल्टची बॅटरी’ हा शब्दप्रयोग बाजारात ज्या अर्थाने चालतो, तोच अर्थ धरायला हवा होता. मजल्लाचं ३६वं कलम हेच सांगतं: रूढी हीच निवाडा करणारी. फिक्हमध्ये याला ‘उर्फ’ म्हणतात.

शहरातल्या मोठ्या महाविद्यालयांच्या संघांकडे दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या होत्या. त्यांनी दुसरी काढून लावली. भाचीच्या संघाकडे एकच होती, तीही वर्गणी काढून घेतलेली. बॅटरी थोडी उतरवून परत आणतो, असं पोरी म्हणाल्या. वेळ संपली, असं उत्तर मिळालं.

मोघम नियमाची किंमत सगळे सारखी भरत नाहीत. ज्याच्याकडे पर्यायी भाग आहेत, मागच्या वर्षांचा अनुभव आहे, आयोजकांना फोन करू शकेल असा प्राध्यापक आहे, त्याच्यासाठी अस्पष्टता ही संधी असते. जो पहिल्यांदाच आला आहे, त्याचं सगळं वर्ष त्या एका ओळीत अडकतं. पिशवीतल्या सामानाने जी समता आणायचा प्रयत्न केला होता, ती मोघम निकाल मागच्या दाराने काढून घेतो.

थोडक्यात मागणं

आपल्याकडे महाविद्यालयांचे तंत्रोत्सव आणि शाळांच्या स्पर्धा वाढताहेत. त्यांच्या आयोजकांनी मोठ्या स्पर्धांच्या या इतिहासातून चार गोष्टी उचलाव्यात, असं मला वाटतं. सुट्या भागांत मूळ परवानगी आहे की मूळ मनाई, हे पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहावं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकाच ठिकाणी, सगळ्यांना दिसेल असं, तारखेसह द्यावं. फोनवर दिलेलं उत्तर ग्राह्य धरू नये. आकडा लिहाल तिथे तो कसा मोजणार तेही लिहावं. आणि नियमाचे दोन अर्थ प्रामाणिकपणे निघत असतील, तर त्या दिवसापुरता फायदा विद्यार्थ्याला द्यावा, नियम पुढच्या वर्षी दुरुस्त करावा. हॅमंडच्या ब्रशबाबत तसंच झालं. त्यांचं यश काढून घेतलं नाही, वाट मात्र पुढच्यांसाठी बंद केली.

आणि पोरांनी पळवाटा शोधल्या तर त्यांना लगेच लबाड ठरवू नये. नियम इतका बारकाईने वाचणारी मुलं आपल्याकडे फार नाहीत. बनू मूसा आणि अल-खस्साफ एकाच शहरात, एकाच काळात बसून लिहीत होते. पाण्याची आणि कायद्याची वाट शोधणारं डोकं तेव्हाच्या बगदादला परकं वाटत नव्हतं. भाचीच्या संघाने पुढच्या वर्षासाठी आयोजकांना लेखी प्रश्न पाठवला आहे: व्होल्ट छापील मोजणार, की मीटरवरचे? हा लेख लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही.